जुनं रिग हातात आलं की आधी काय बघायचं

स्कायडायव्हिंगचं लायसन्स मिळालं की स्वतःचं रिग, म्हणजे पट्ट्यांनी पाठीवर बांधायचा छत्र्यांचा सगळा संच, हवंसं वाटतं. नवं शिवून घ्यायचं तर बरेच महिने थांबावं लागतं, म्हणून बहुतेक नवे जंपर कुणीतरी वापरलेलं रिग शोधतात आणि ते घेऊन माझ्याकडे येतात. मी रिगर आहे. रिझर्व्ह, म्हणजे मेन छत्री बिघडली तर वापरायची राखीव छत्री, उघडणं, तपासणं, दुरुस्त करणं आणि पुन्हा बांधणं हे माझं रोजचं काम. रिग टेबलावर ठेवता ठेवता सगळे एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे त्यावर किती उड्या झाल्या. मला त्याआधी दुसरं काही जाणून घ्यायचं असतं: हे रिग कोणत्या काळात शिवलं गेलं, आणि तेव्हा लोक कशा प्रकारच्या उड्या मारत होते.

कारण रिगवरची प्रत्येक रिंग, प्रत्येक फ्लॅप, प्रत्येक दोरी आधीच्या कशानं तरी दगा दिला म्हणून तिथे आली आहे. तो भाग कशावरचा उपाय आहे हे कळलं की त्यात काय तपासायचं हेही आपोआप कळतं. म्हणून मी तपासणी शिकवताना सोबत इतिहासही सांगते. मी उडायला लागले तेव्हा गोल छत्र्यांचा जमाना संपत आला होता, पण मला शिकवणारे सगळे गोल छत्रीखाली वाढलेले होते. त्यांच्या सवयींमधलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, यावर माझी ठाम मतं आहेत. तीही ओघात येतीलच.

लेबलं आणि कार्ड

कागद-पेन घ्या आणि चार तारखा लिहा: हार्नेस-कंटेनरची (अंगावरचे पट्टे आणि छत्र्यांची पाठपिशवी), रिझर्व्हची, मेन छत्रीची आणि एएडीची. एएडी म्हणजे ठरलेल्या उंचीखाली गेल्यावरही तुम्ही वेगानं पडत असाल तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र. या चार वस्तू क्वचितच एका वर्षाच्या असतात. विकणारा 'रिग अमुक सालचं' म्हणतो तेव्हा तो बहुधा चारांपैकी सगळ्यात नव्या वस्तूचं साल सांगत असतो.

मग रिझर्व्हचं पॅकिंग कार्ड काढा. रिझर्व्ह ठरावीक मुदतीनं उघडून पुन्हा बांधावी लागते. ही मुदत देशागणिक वेगळी असते. अमेरिकेत ती आधी 60 दिवस होती, मग 120 झाली आणि 2008 पासून 180 आहे. कार्डावर दोन नोंदींमध्ये काही वर्षांचं अंतर दिसलं तर एवढंच विचारा की त्या काळात रिग कुठे होतं. अंधाऱ्या, कोरड्या कपाटात असेल तर नायलॉनला फारसं काही होत नाही. उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीत किंवा ओल धरणाऱ्या तळघरात असेल, तर माझ्या मते ते रिग परत पाठवावं.

रिझर्व्ह

1970च्या दशकात सर्रास रिझर्व्ह पोटावर बांधलेली असायची. ती गोल असे आणि बऱ्याचदा तिला स्वतःचं पायलट शूटही (मोठी छत्री बाहेर ओढणारी छोटी छत्री) नसे. मेन अर्धवट उघडून गरगरायला लागली की एका हातानं रिझर्व्हचा गठ्ठा दाबून धरायचा, दुसऱ्यानं रिपकॉर्ड, म्हणजे कप्पा उघडायची दोरी, ओढायची आणि तो गठ्ठा फिरण्याच्या दिशेनं खाली जोरात फेकायचा, म्हणजे तो मेनमध्ये न गुंतता हवा धरेल. हे माझ्या गुरूंनी मला हातानं करून दाखवलं होतं. पुढे रिझर्व्ह पाठीवर, मेनच्या वरच्या कप्प्यात गेली आणि दशकाच्या शेवटी चौकोनी रिझर्व्ह आल्या. गोल छत्री नेईल तिथे उतरावं लागतं. चौकोनी छत्री वळवता येते, आणि उतरताना फ्लेअर करून, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्या खाली ओढून, तिचा वेग मारता येतो.

जुन्या रिगमध्ये अजून गोल रिझर्व्ह सापडते. ती स्वस्तात पडते म्हणून मोहात पडू नका. 1980च्या दशकात काही गोल रिझर्व्हमधल्या जाळीच्या कापडात आम्ल असल्याचं लक्षात आलं. बाहेरून छत्री नवीकोरी दिसायची, पण जाळीला टेकून घडी घातलेलं नायलॉन आतून कुजत जायचं आणि बोटांनी ओढलं तरी फाटायचं. तेव्हापासून रिगर ब्रोमोक्रेसॉल ग्रीनचं द्रावण जाळीला लावून बघतात. ते पिवळं पडलं तर आम्ल आहे. एकदा तो पिवळा डाग उमटताना बघितला की 'कधी वापरलीच नाही, म्हणजे नवीच आहे' या वाक्यावर विश्वास बसत नाही.

चौकोनी रिझर्व्ह असेल तर लेबलवरचं कमाल वजन वाचा आणि त्यात तुमचं कपड्यांसकट, रिगसकट वजन बसतं का ते बघा. 1990च्या दशकात लहान, देखणे कंटेनर घ्यायची लाट आली आणि त्यांच्यासोबत फार लहान रिझर्व्ह विकल्या गेल्या. रिझर्व्हखाली तुम्ही कदाचित बेशुद्ध असाल, हात दुखावलेला असेल, खाली झाडं असतील. तिथे मोठी छत्रीच हवी. या बाबतीत मी कुणाशी तडजोड करत नाही.

तीन रिंगा

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

बिघडलेली मेन सोडून देण्यासाठी पूर्वी कॅपवेल नावाच्या धातूच्या कड्या असत, दोन खांद्यांवर दोन. आधी झाकण उघडायचं, मग आतली कडी किंवा बटणं दाबून रायझर (खांद्यापासून छत्रीच्या दोऱ्यांपर्यंत जाणारा पट्टा) सोडायचा, तेही दोन्ही बाजूंना वेगवेगळं. ही रचना मुळात सैनिकांसाठी होती, जमिनीवर उतरल्यावर वारा ओढत नेऊ लागला तर छत्री सोडता यावी म्हणून. हवेत फिरता फिरता एक बाजू सुटली आणि दुसरी अडकली तर पुढचे क्षण किती वाईट असतील, हे सांगायला नको. त्यामुळे जुन्या पिढीतले अनेक जण मेन सोडायलाच घाबरत आणि बिघडलेल्या छत्रीशी झगडत बसत.

1970च्या दशकाच्या मध्यात बिल बूथ यांनी तीन रिंगांची रचना आणली. मोठी रिंग हार्नेसवर शिवलेली असते. रायझरवरची मधली रिंग तिच्यातून जाते, लहान रिंग मधलीतून जाते, आणि लहान रिंगेवरून दोरीचा एक छोटा फास रायझरच्या आयलेटमधून, म्हणजे धातूची कड असलेल्या भोकातून, मागे जातो. त्या फासातून पिवळी केबल जाते. प्रत्येक रिंगेपाशी भार कमी होत जातो, इतका की तुमचं सगळं वजन लटकत असतानाही शेवटच्या फासावर मोजकाच ताण राहतो. एक हँडल ओढलं की दोन्ही केबल निघतात आणि दोन्ही खांदे एकदम मोकळे होतात. माझ्या मते या खेळातल्या एखाद्या वस्तूनं सगळ्यात जास्त जीव वाचवले असतील, तर ती हीच.

पण ती अचूक भूमितीवर चालते, म्हणून ती सोडवून बघायलाच हवी. जमिनीवर, रिग पालथं न घालता, कटअवे हँडल, म्हणजे मेन सोडायचं हँडल, पूर्ण ओढून काढा. दोन्ही रायझर सुटतील. आता केबल बोटांमधून फिरवा: कुठे वाकलेली आहे का, टोक खरखरीत आहे का. तिच्यावर चिकट काळपट थर जमलेला असतो. सिलिकॉन तेलाचा हलका हात लावलेल्या, सुती धागे न सोडणाऱ्या कापडानं तो पुसून काढा. रिंगांजवळची पट्टी बराच काळ एकाच आकारात राहिली की ताठर होते आणि रिंगा सहज उलटत नाहीत. ती मागे-पुढे वाकवून मऊ करा. फासाचा दोरा उसवला असेल, आयलेटची कड धारदार झाली असेल, तर तो रायझर वापरू नका. बारीक रायझर असतील तर त्यांच्या मागच्या बाजूला केबलच्या टोकासाठी कडक नळी आहे का तेही बघा. दोऱ्यांना पीळ पडला की रायझर पिळवटतात आणि नळी नसेल तर केबल आत चिमटली जाते. हे समजल्यावरच ती नळी आली.

जोडताना प्रत्येक रिंग फक्त तिच्या आधीच्या रिंगेतून जायला हवी आणि फास फक्त सगळ्यात लहान रिंगेवरून. पहिल्यांदा जोडाल तेव्हा रिगरला दाखवल्याशिवाय उडू नका. मग हे काम दर महिन्याला करा.

पायलट शूट आणि फ्लॅप

लेस्ली आयर्विन यांनी 1919 मध्ये ओहायोतल्या मकूक फील्डवर विमानातून उडी घेऊन स्वतःच्या हातानं रिपकॉर्ड ओढली, तेव्हा मोकळं पडताना माणूस शुद्ध हरपेल अशी अनेकांची समजूत होती. त्यांची शुद्ध शाबूत राहिली, उतरताना घोटा मात्र मोडला. त्यानंतर कित्येक दशकं मेनसुद्धा रिपकॉर्डनंच उघडत. पिन निघाली की स्प्रिंगवालं पायलट शूट उसळून बाहेर यायचं आणि कधीकधी पाठीवरच्या पोकळ हवेत तिथेच लोळत राहायचं. हातानं बाजूच्या स्वच्छ वाऱ्यात फेकायचं पायलट शूट आलं, ते यावरचा उपाय म्हणून.

आधी त्याची पिशवी मांडीच्या पट्ट्यावर असे, नंतर ती कंटेनरच्या तळाशी गेली. त्यामागे कारण आहे. 1990च्या दशकात फ्रीफ्लाय आलं, लोक डोकं खाली करून किंवा बसून पडायला लागले. पोटावर पडताना वेग ताशी 190-200 किलोमीटर असतो, डोकं खाली केलं की 250 च्या पुढे जातो. त्या वेगात सैल फ्लॅप उघडतो, बाहेर डोकावणारं ब्रायडल (पायलट शूट छत्रीला जोडणारी पट्टी) निसटतं आणि नको तेव्हा छत्री उघडते. एवढ्या वेगात अचानक उघडलेली छत्री शरीर मोडू शकते, आणि वर कुणी असेल तर त्याचाही जीव जातो.

म्हणून तपासणी अशी करा. पिशवीचं लवचीक कापड ढिलं पडलंय का? बंद कंटेनर हलवा, पिनवरचा फ्लॅप सुटतो का? बाहेर ब्रायडल दिसतं का? तीनपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या रिगवर उडू नका, पोटावरसुद्धा नाही. पायलट शूट आपोआप चपटं होणारं असेल तर पॅकिंगच्या वेळी ते पुन्हा 'कॉक' करावं, म्हणजे फुगायला तयार करावं लागतं. ब्रायडलवरच्या छोट्या खिडकीत रंगीत खूण दिसली तरच ते तयार आहे. त्याच्या आतली दोरी वापरानं आखडते आणि पायलट शूट पुरतं फुगत नाही, म्हणून ते पूर्ण ताणून वर टोकाशी खळगा पडतोय का बघा.

मेन छत्री

दुसऱ्या महायुद्धात रेशीम मिळेनासं झालं आणि छत्र्या नायलॉनच्या झाल्या. नायलॉनच्या छत्रीची पहिली उडी एडलीन ग्रे यांनी जून 1942 मध्ये कनेटिकटमधल्या हार्टफर्ड इथे मारली. युद्धानंतर सैन्यानं विकायला काढलेल्या 28 फुटी गोल छत्र्या हौशी लोकांनी घेतल्या आणि मागच्या बाजूला ठरावीक आकाराची भोकं कापून त्यांना थोडं पुढे सरकायला लावलं. 1964 मध्ये पॅरा-कमांडर आली. तीही गोलच, पण खाचा पाडलेली आणि चांगली वळणारी. त्याच सुमारास डॉमिना जॅलबर्ट यांनी हवा भरून पंखाचा आकार घेणाऱ्या कापडाची कल्पना मांडली. आजच्या सगळ्या चौकोनी छत्र्या तिथून आल्या. सुरुवातीला त्या इतक्या झटक्यानं उघडत की दोऱ्या तुटत. स्लायडर, म्हणजे दोऱ्यांवरून हळूहळू खाली सरकणारा कापडी चौकोन, त्या झटक्यावरचा इलाज आहे.

तुमच्या हातातली छत्री दोनांपैकी एका कापडाची असेल. जुनं कापड, ज्याला सगळे एफ-111 म्हणतात, ते मऊ लागतं आणि काही शे उड्यांनंतर हवा झिरपवू लागतं; मग उतरताना फ्लेअर पूर्ण ओढला तरी छत्री थांबत नाही. झीरो-पी कापड 1980च्या दशकाच्या शेवटी पसरलं. ते गुळगुळीत असतं, चुरचुरतं, पॅक करताना हातातून निसटतं, पण हवा धरून ठेवतं. पहिली मेन म्हणून मी नेहमी मोठी झीरो-पी सुचवते. निसटण्याचा त्रास दोन-चार दिवसांत सरावाचा होतो.

दोऱ्यांवर मात्र रेंगाळा. जाड, किंचित ताणली जाणारी दोरी डेक्रॉनची. बारीक पांढरी दोरी बहुधा स्पेक्ट्राची. स्पेक्ट्रा मजबूत असते, पण तिला उष्णता सोसत नाही. प्रत्येक उडीला स्लायडरच्या कड्या घासत खाली येतात, त्या उष्णतेनं बाहेरच्या दोऱ्या आणि सगळ्यात जास्त ब्रेकच्या दोऱ्या आखडत जातात. परिणामी टॉगल (ब्रेकच्या दोऱ्यांच्या टोकाची हातात धरायची हँडलं) पूर्ण वर सोडले तरी छत्री सतत थोडी ब्रेकमध्ये राहते. अशी छत्री वाईट उघडते, सुस्त उडते, आणि मालकाला वाटतं ती म्हातारी झाली. खरं तर तिला फक्त नव्या दोऱ्या हव्या असतात. व्हेक्ट्रन आखडत नाही, पण झिजून केसाळ होते. एचएमए बारीक आणि स्थिर असते, पण फारशी पूर्वसूचना न देता तुटते, म्हणून ती दिसण्यावरून न जोखता उड्यांच्या हिशोबानं बदलायची.

आता आकार. कपडे-रिगसकट वजन पौंडांत घ्या आणि त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागा. माणूस 160 पौंडांचा, रिग वगैरे 25, छत्री 190 ची: उत्तर साधारण 0.97. नव्या जंपरनं 1 च्या खाली राहावं. आणखी एक गोष्ट: आकडा सारखा असला तरी लहान छत्री मोठीपेक्षा चपळ असते, कारण तिच्या दोऱ्या आखूड असतात. हलक्या माणसांनी म्हणून अधिक जपावं.

हे मी कळकळीनं लिहितेय. अमेरिकेत 1970च्या दशकात वर्षाला सरासरी 40 हून अधिक जंपर मरत. 2021 आणि 2023 मध्ये हा आकडा 10 होता, तोही कितीतरी जास्त उड्यांमध्ये. साधनं सुधारली, शिक्षण सुधारलं. पण मृत्यूंचं स्वरूपही बदललं. पूर्वी छत्री न उघडल्यानं किंवा उशिरा उघडल्यानं माणसं जात. आता पूर्ण उघडलेल्या, निर्दोष छत्रीखाली, जमिनीलगत जोरात वळण घेतल्यानंही जातात. बूथ यांचंच निरीक्षण आहे की साधनं जितकी सुरक्षित होतात तितके लोक जास्त धोके पत्करतात. लहान छत्री म्हणजे बढती, असं मानणारी हवा अनेक ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारायच्या मैदानांवर, आहे. तिला बळी पडू नका.

एएडी

जुन्या यंत्रांवर अनुभवी जंपरचा विश्वास नव्हता. ती विद्यार्थ्यांपुरती असत. चुकीच्या वेळी रिझर्व्ह उघडेल म्हणून एएडीवाल्याला फॉर्मेशनमध्ये, म्हणजे हवेत एकमेकांना धरून केलेल्या रचनेत, न घेणारे गट होते. 1991 मध्ये हेल्मुट क्लॉथ यांचं सायप्रेस आलं आणि चित्र पालटलं. ते पिन ओढत नाही, रिझर्व्हचा बंद फासच कापतं. त्याचं एक्स्पर्ट मॉडेल साधारण 750 फुटांवर, वेग सेकंदाला 35 मीटरपेक्षा जास्त असेल तरच चालतं. आज अनेक ड्रॉपझोनवर एएडीशिवाय विमानात चढू देत नाहीत.

तुम्ही फक्त तीन गोष्टी बघा: आयुष्य संपायची तारीख, उत्पादकानं सांगितलेली देखभाल झाली आहे का, आणि मोड, म्हणजे ते कोणत्या प्रकारच्या जंपरसाठी लावलं आहे. आयुष्य संपलेल्या यंत्राची किंमत शून्य धरून रिगचा भाव करा.

रिगसोबत मिळत नाही ते

पूर्वी जाड बूट घालून, पाय जुळवून, पोटरी-मांडी-कुशीवर लोळत उतरायला शिकवत. चौकोनी छत्रीखाली लोक उभ्यानं उतरू लागले आणि तो लोळणारा उतार विस्मरणात गेला. तो शिका. वारा चुकला, अंदाज चुकला तर घोटा आणि मणका तोच वाचवतो.

दुसरं, स्पॉटिंग. विमानातून क्रेप कागदाची वजन लावलेली लांब पट्टी टाकायची, ती कुठे पडते ते बघायचं आणि तेवढंच अंतर उलट बाजूला मोजून उडी मारायची. आज जीपीएस आणि हिरवा दिवा ते काम करतात. तरीही दारातून खाली बघा, दुसरं विमान, ढग, मैदान, सगळं. दिव्याला यातलं काही दिसत नाही.

एक जुनी सवय मात्र सोडा: खाली येऊन उघडायची फुशारकी. अमेरिकी स्कायडायव्हिंग संघटनेनं अनुभवी जंपरची छत्री उघडायची किमान उंची 2,000 वरून 2,500 फूट केली, कारण आजच्या छत्र्या हळू उघडतात आणि एएडीच्या उंचीपर्यंत फार कमी वेळ उरतो.

पहिली उडी

रिग रिगरकडून तपासून झालं की पहिली उडी एकट्यानं मारा, दुसऱ्या कुणासोबत नाही. 5,000 फुटांच्या वरच उघडा. त्याआधी जमिनीवर हार्नेसमध्ये लटकून दोन्ही हँडलांना डोळे मिटून हात लावायचा सराव करा, कारण ती तुमच्या विद्यार्थी-रिगपेक्षा वेगळ्या जागी असतील. छत्री उघडल्यावर टॉगल पूर्ण वर सोडा आणि मागे वळून ब्रेकच्या दोरीकडे बघा: ती वाऱ्यानं किंचित मागे कमान करत असायला हवी. ताठ सरळ असेल आणि छत्रीची मागची कड खाली ओढलेली दिसत असेल, तर ती आखडली आहे. पुढे फ्लेअर चार-पाचदा करून बघा आणि छत्री कुठे स्टॉल होते, म्हणजे उडणं सोडून कोसळते, ते उंचीवरच शोधा. एकदा मागच्या रायझरनीही फ्लेअर करा. 2,000 फुटांखाली हे प्रयोग बंद. मोठ्या मोकळ्या जागेत, वाऱ्याकडे तोंड करून सरळ उतरा, आणि पॅक करण्याआधी ब्रेकच्या दोऱ्यांबद्दल जे दिसलं ते रिगरला सांगा.